बाबांना ‘ओटी’ सांगितलंय, पार्किन्सन्सवाल्यांनी अनुभव सांगा

उंबरा_खानापूर

नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीकडे. बाबांचं वय ७१. भात, थोडे काजू, दोन म्हशी, यातच सगळा जन्म गेला. तीन वर्षांपूर्वी पार्किन्सन्स निघाला. उजवा हात थरथरतो, पण खरा त्रास थरथरण्याचा नाही. सगळंच मंद झालंय, त्याचा आहे.

गेल्या आठवड्यात बेळगावात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळीची वेळ थोडी बदलली आणि चिठ्ठीच्या तळाला इंग्रजीत ‘ओटी’ लिहून दिलं. बाहेर येऊन मी आईला ते वाचून दाखवलं, तर ती तिथंच बाकड्यावर बसली आणि डोळ्याला पदर लावला. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, एवढंच आम्हाला ठाऊक. आता डोकं उघडणार! बाबांच्या चेहऱ्यावर हल्ली काही उमटत नाही, त्यामुळे ते घाबरले का नाही तेही कळेना. शेवटी एका सिस्टरनं सांगितलं, अहो, ही ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत व्यवसायोपचार म्हणतात म्हणे. त्यावर आईचा प्रश्न, “आता ह्या वयात ह्यांना कुठला व्यवसाय काढून देणार?”

तर माझा प्रश्न सरळ आहे. हे लोक नक्की करतात काय? फिजिओथेरपी आम्ही चार महिने केली, चालण्यात थोडा फरक पडला. गोव्यातला भाऊ म्हणतो, तेच परत वेगळ्या नावानं करतील, पैसे घालवू नको. बेळगावला जायचं म्हणजे एका बाजूनं तास-सव्वा तास बस, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

घरात अडतंय ते असं: सोप्यातून बाहेर पडताना उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, दोन-दोन मिनिटं हलत नाहीत. शर्टाची बटणं आई लावते आणि त्यावरून रोज सकाळी दोघांची धुसफूस. रात्री कूस बदलायला मला उठवतात. आणि आमटीची वाटी तोंडापर्यंत जाईपर्यंत अर्धी अंगावर. त्यामुळे आता चारचौघांत जेवायलाच बसत नाहीत. मागच्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्याला आले नाहीत ते यामुळेच, सांगितलं मात्र ‘म्हशीला कोण बघणार?’

कुणी करून घेतलंय का? जायच्या लायकीचं आहे का?

---

अनगोळकर

ओटीचा हाच घोळ आमच्या सासूबाईंच्या वेळी झाला होता, त्या देवाचा अंगारा लावून घरातून निघाल्या होत्या. जा तुम्ही, भिऊ नका. मला फारसं सांगता येणार नाही, आमचा आजार वेगळा होता. पण इथे आपले शिंपीकाका आहेत, त्यांनी सगळं केलंय. काका, दिसलात तर लिहा.

---

शिंपीकाका_शहापूर

आलो. हे मी बोलून टाइप करूलोय. मोबाइल ‘काज’चं सारखं ‘काजू’ करतो, तुमच्या काजूशी त्याचा संबंध नाही, सांभाळून घ्या.

आधी आईंना सांग, कुठंही कापत नाहीत. कापाकापी आमच्या धंद्यात, त्यांच्या नाही.

मी ६८ वर्षांचा. खडेबाजाराच्या मागच्या बोळात ४१ वर्षं शर्ट-पँट शिवली. पार्किन्सन्सला आता आठवं वर्ष. माझा रोग आधी दिसला तो मापाच्या वहीत. आकडे बारीक होत चालले. कारागीर विचारायचा, काका, हा ३६ का ३०? मी म्हणायचो, चष्मा बदल तुझा. इस्त्रीखाली कापड करपलं तरी मला वास यायचा नाही, एका नवरदेवाची पँट तशीच गेली. वास जाणं, अक्षर बारीक होणं, ही या रोगाची आधीची पावलं असू शकतात हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी कारागिराला आणि इस्त्रीला शिव्या देऊन मोकळा.

थेरपीला गेलो तेव्हा वाटलं होतं रबरी बॉल दाबायला देतील. त्या ताईंनी हातसुद्धा धरला नाही. वही काढली आणि विचारलं, काका, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता? मग म्हणाल्या, यातलं कुठलं काम दुसऱ्यानं केलेलं तुम्हाला चालत नाही? असं मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. सगळे विचारत, हात किती थरथरतो. मी तीन कामं सांगितली. शर्टाची बटणं, रात्री कूस, आणि हातानं काज करणं. गावाला चाळीस वर्षं बटणं लावून दिली आणि आता रोज सकाळी मान वर करून मंडळीपुढं, म्हणजे बायकोपुढं, उभा राहतो, पहिलीतल्या पोरासारखा. हे बोलताना माझा गळा दाटला, ते जाऊ दे. त्यांनी तिन्ही कामं लिहून घेतली आणि म्हणाल्या, प्रत्येकाला दहापैकी मार्क द्या. बटणाला मी दोन दिले, तेही दया म्हणून.

मग मला शर्ट घालायला सांगितला आणि घड्याळ लावून नुसत्या बघत बसल्या. नऊ मिनिटं. नंतर माझ्या चुका सांगितल्या. मी उभा राहून घालत होतो. मंडळीशी बोलत घालत होतो. आणि सकाळची गोळी लागायच्या आत घालत होतो. तिन्ही चूक.

त्या म्हणाल्या, डोक्यात डोपामाइन नावाचं एक रसायन असतं, या रोगात ते कमी पडतं. त्यामुळे सवयीनं आपोआप होणारी कामं आपोआप होत नाहीत, लक्ष देऊन केली तर होतात. मला हे आमच्या मशीनवरून पटलं. पायमशीनचा पट्टा सैल झाला की पाय कितीही मारा, चाक फिरत नाही. पण हातानं चाक फिरवलं तर टीप पडते की! फक्त लक्ष चाकावर ठेवावं लागतं, गप्पा मारता येत नाहीत. माझा पट्टा सैल झालाय, सुई मोडलेली नाही. गोळी पट्टा थोडा ताणून देते, उरलेलं हातानं.

म्हणून आता मी सातला गोळी घेतो. डॉक्टरांनी ती खाण्याच्या अर्धा तास आधी सांगितलीय, कारण दूध-डाळीतल्या प्रथिनांशी तिची मारामारी होते. ती लागली की आठच्या सुमारास खुर्चीत बसून शर्ट. रेडिओ बंद, मंडळी स्वयंपाकघरात. सगळ्यात खालचं बटण आधी, कारण ते दिसतं. तोंडानं म्हणतो, “बटण धर, काजात घाल, ओढ.” शेजारचा नातू हसतो, हसू दे.

पुढचं मात्र ताईंना माहीत नव्हतं, ते मी केलं. जुन्या शर्टांची काजं दोन सूत मोठी केली आणि बटणाला दोऱ्याचा पाय उंच दिला, म्हणजे बटण कापडाला चिकटून न बसता चिमटीत येतं. छत्रीच्या काडीचा आकडा करून त्यानं बटण ओढायचं, हेही जमतं. टिचबटणं लावून बघितली, ती फसली. दाबायला जोर लागतो आणि तोच आपल्याकडे नाही. लग्नाकार्याचे दोन शर्ट वेल्क्रोचे केलेत. आत वेल्क्रो, वर काजाच्या जागी खोटी बटणं टाचलेली. कुणाच्या बापाला कळत नाही. धुवायला टाकताना वेल्क्रो बंद करून टाका, नाहीतर त्यात टॉवेलचे धागे भरतात आणि आठ दिवसांत कामातून जातं.

कुशीचं सांगतो, यात माझी फजिती आहे. ताई म्हणाल्या, गादीवर कंबरेखाली सॅटिनचा पट्टा टाका, अंग घसरतं, वळायला जोर लागत नाही. मी पडलो शिंपी. दुकानात कोटाच्या अस्तराचे तुकडे पडलेले. पट्टा कशाला, अख्खी चादरच अस्तराची शिवली, वर हौसेनं अस्तराचाच पायजमा. पहिल्या रात्री कूस बदलली ती थेट खाली. हाड मोडलं नाही ही आई रेणुकेची कृपा. दुसऱ्या दिवशी ताईंनी डोक्याला हात लावला. पाय रोवायला सुती चादरच लागते, त्यामुळे सॅटिन फक्त खांद्यापासून मांडीपर्यंत, आणि अंगात सुतीच कपडे. दोन्ही गुडघे वर घ्यायचे, जिकडं वळायचं तिकडं आधी मान आणि हात न्यायचे, मग गुडघे टाकायचे, अंग मागून येतं. खाटेच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे घालून ती उंच केली, उठायला सोपं. आता मंडळीला रात्री उठवत नाही. कुशीला मी आठ मार्क दिले.

उंबऱ्याबद्दल. पाय चिकटले की तुम्ही काय करता? हात धरून ओढता ना? ते आधी बंद करा. माणूस तोंडावर पडतो. “चला, चला” पण म्हणायचं नाही, त्यानं आणखी घट्ट चिकटतात. थांबायचं, ताठ उभं राहायचं, वजन डाव्या पायावर, उजव्या पायावर असं डोलायचं, आणि मग एक मोठं पाऊल. दार आलं, जागा अरुंद झाली, वळायचं झालं की पाय अडतात. पण जमिनीवर आडवी रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उचलतो. का, ते मोठे डॉक्टर सांगतील. मी दुकानाच्या दारापासून मशीनपर्यंत शिवणाच्या खडूनं आडव्या रेघा मारल्या, टेपनं मोजून, १६ इंचांवर एक. ताईंनी माझं पाऊल बघून अंतर सांगितलं होतं, तुमच्या बाबांचं वेगळं असेल. गिऱ्हाईक विचारायची, काका, लंगडी खेळताय काय?

ताईंनी मोबाइलवर टकटक पण लावून दिली, तिच्या ठेक्यावर चालायचं. मला ती टकटक आवडेना. म्हटलं, मी पायमशीनवर जन्म काढलाय, तोच ठेका मनात धरतो. आणि बघा, घरात मंडळी मशीनवर बसली की मी सरळ मोरीपर्यंत चालत जातो. तिनं टीप संपवून मशीन थांबवली की मी पण जागच्या जागी थांबतो. मग ती आतून ओरडते, “काय करूलाय ओ तिथं उभं राहून?”

अथणीचं पायताण मात्र सोडावं लागलं. तळ गुळगुळीत, टाचेला पट्टा नाही. ते अजून खिळ्याला टांगलंय.

काज परत आलं नाही. सहा भेटींनंतर ताईंनी स्वतःच तोंडावर सांगितलं, काका, बारीक सुईचं काम पूर्वीसारखं होईल असं मी म्हणणार नाही. मला राग आला, चार दिवस गेलो नाही. मग त्यांनी विचारलं, शिवण्यातलं दुसरं काय हातात राहू शकतं? आता मी दुपारी अकरा ते एक दुकानात जातो, गोळी चांगली लागलेली असते तेव्हा. मापं घेतो, कापडावर खडूनं आखून देतो. कात्री आणि इस्त्री कारागिराकडे. आकडे दुरेघी वहीत लिहितो, पोरांच्या वहीत, रेघेला रेघ टेकवून मोठे. सही पण तशीच केली. एकदा बँकेनं सही जुळत नाही म्हणून चेक परत पाठवला होता, तेव्हा जाऊन नवीन मोठी सही नोंदवून आलो.

जायच्या लायकीचं आहे का विचारतोस. जा. पण जाताना बाबांना काय हवंय ते बाबांना विचार, तू ठरवू नको.

---

निपाणीची_लेक

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. माहेर निपाणी, काम पुण्यात. काकांनी इतकं सांगितलंय की मला थोडंच उरलंय. आणि काका, दोऱ्याचा उंच पाय मी उद्याच वापरणार आहे.

नावाचा घोळ तुमच्या आईंचा एकटीचा नाही. ‘ऑक्युपेशन’ म्हणजे इथे धंदा नाही. माणसाचा दिवस ज्या कामांत जातो ती सगळी कामं, आंघोळ, जेवण, देवपूजा, म्हशीला वैरण टाकणंसुद्धा. आपल्याकडे हे शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केलं. जन्मानं अमेरिकन बाई, लग्न करून निंबकर झाल्या. म्हणजे विषय पंच्याहत्तरी गाठलेला आहे, गावोगाव पोचला नाही एवढंच.

तुमच्या भावाचा प्रश्न रास्त आहे. फिजिओथेरपी ताकद, तोल, चाल यांवर काम करते, ती बंद करू नका. आम्ही त्या चालीचं पुढे काय करायचं ते बघतो. आणि भावाला दोन्ही बाजू सांगा. नेदरलँड्समध्ये १९१ रुग्णांचा एक अभ्यास झाला, २०१४ साली प्रसिद्ध झाला. थेरपिस्ट दहा आठवडे घरी जात होते आणि रुग्णानं स्वतः निवडलेल्या कामांवरच काम करत होते. त्या कामांत रुग्णांना फरक जाणवला. ब्रिटनमध्ये ७६२ जणांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, २०१६ मध्ये, फिजिओथेरपी आणि ओटी मिळून साधारण चारेक भेटी झाल्या, रोगही सौम्य ते मध्यम होता. तिथे सांगण्यासारखा फरक दिसला नाही. माझं मत असं, की मोघम चार भेटी घ्यायच्या असतील तर बसभाडं वाचवा. ‘उंबरा ओलांडायचाय’ असं एक काम धरून गेलात तर उपयोग.

रोगच हटेल, थरथर थांबेल, असं कुणी सांगितलं तर तिथून निघा. हे औषधाच्या जोडीनं करायचं काम आहे. गोळीची वेळ किंवा मात्रा आमच्यापैकी कुणी सांगितली तरी बदलायची नाही, ते न्यूरॉलॉजिस्टचं काम.

जाण्याआधी तीन दिवस बाबांची एक वही ठेवा. गोळी किती वाजता, अंग मोकळं कधी, जड कधी. आणि मोबाइलवर घराचा व्हिडिओ काढून न्या. उंबरा, मोरी, संडास, खाट, जेवायला बसतात ती जागा. थेरपिस्टला घरी आणणं जमलं नाही तर याच्यावरून अर्धं काम होतं. कन्नड-मराठीची अडचण वाटली तर तुम्ही मध्ये बसा, पण उत्तर बाबांना देऊ द्या. त्यांना वेळ लागेल. शब्द तयार असतो, ओठांवर यायला उशीर होतो. घरचे नेमके तेवढ्यात बोलून टाकतात.

आमटीचं. जमिनीवर मांडी घालून वाटी तोंडाकडे न्यायची म्हणजे हाताला लांबचा प्रवास, कुठेही टेका नाही. खुर्ची-टेबलावर बसवा, कोपर टेबलावर टेकवा, ताटाखाली ओला पंचा पसरा म्हणजे ताट सरकत नाही. वाटी निम्मीच भरा, दुसऱ्यांदा वाढा. उभ्या काठाची ताटली असली की घास काठाला टेकवून चमच्यात घेता येतो. चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा. जड चमच्यानं काहींची थरथर कमी होते, काहींचा हात दमतो, विकत घेण्याआधी करून बघा. भाकरी आईंनी आधीच तुकडे करून वाढावी, पण स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर नाही. आणि पाणी पिताना ठसका लागत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, गिळण्याची तपासणी करून घ्या, थांबू नका.

काकांच्या रेघांबद्दल एक सावधगिरी. सगळ्यांना त्या लागू पडत नाहीत, काहींचे पाय नक्षीदार फरशीवर जास्त अडतात. आधी कुणीतरी शेजारी उभं राहून करून बघायचं. वळताना जागच्या जागी गिरकी घेऊ देऊ नका, बैलगाडी वळते तसं मोठं वळण घ्यायला सांगा. चालताना दोन्ही हातांत काही नको, आणि मागून हाक मारायची नाही. मोरीत भिंतीला दांडा बसवा, पण टॉवेल अडकवायचा नळकांडी दांडा नको, तो वजनाला उपटून येतो. या रोगात आणि त्याच्या गोळ्यांनी काहींचा रक्तदाब उठल्यावर एकदम उतरतो, म्हणून खाटेवरून उठले की पाय सोडून मिनिटभर बसायचं.

एक सरकारी गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत पार्किन्सन्स नावानिशी आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर सवलती लागू होतात. तपासणी करून कार्ड काढायला हरकत नाही.

---

उंबरा_खानापूर

काका, ताई, दोघांचेही आभार. बाबांना वाचून दाखवलं. अस्तराच्या चादरीपाशी हसले. आवाज आला नाही, पण खांदे हलले.

काय हवंय ते विचारलं. मला वाटलं बटणं म्हणतील. म्हणाले, “सकाळी गोठ्यात मी जाणार. तू नाही.” गोठ्यात जायचं म्हणजे उंबरा, मग अंगणातलं शेवाळ, मग दोन पायऱ्या. आता काय सांगू त्यांना?

---

शिंपीकाका_शहापूर

जे सांगितलं तेच लिहून ने. माझ्या काजासारखं होईल किंवा कुशीसारखं होईल, आधी कसं कळणार? शेवाळ मात्र तू खरवडून काढ, त्याला थेरपी लागत नाही.

---

उंबरा_खानापूर

पाच आठवड्यांनी लिहितोय. तीन भेटी झाल्या. चौथीला जायचं होतं तर पावसानं बसच आली नाही.

थेरपिस्टना व्हिडिओ दाखवला. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, उंबरा काढता येईल का? आई म्हणाली, “लक्ष्मीचा उंबरा आहे, मी मेल्यावर काढा.” मग ठरलं की उंबऱ्याच्या अलीकडे पांढऱ्या ऑइलपेंटचा आडवा पट्टा मारायचा. त्यालाही आई तयार नाही, शहाबादी फरशी घाण दिसेल म्हणून. घरी आल्यावर काही न बोलता तिनं दुसऱ्या दिवशी पहाटे रांगोळीचा डबा घेतला आणि उंबऱ्याच्या आत एक सरळ आडवी रेघ ओढली. बाहेर रोजची रांगोळी होतीच. बाबा आले, रेघेपाशी थांबले, डोलले, आणि पाय उचलून पलीकडे. रांगोळीवर पाय पडू द्यायचा नाही हे त्यांच्या अंगात लहानपणापासून आहे. थेरपिस्टना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, चालेल, पण पावडर पायाखाली आली तर घसरायला होईल, बोटभरच रेघ काढा.

दुपारपर्यंत रेघ कोंबड्या पुसून टाकतात आणि बाबा परत अडतात. म्हणून शेवटी खाली पेंटची रेघ मारली, सकाळी वर रांगोळी. आईनंच मारायला लावली.

अंगणात गोठ्यापर्यंत बांबूचा कठडा केला, शेवाळ चुना टाकून खरवडलं. पायऱ्यांच्या कडांना पण पांढरा पट्टा. गोळी साडेसहाला, गोठा साडेसातला. वैरण बाबाच टाकतात, मी कठड्याबाहेर उभा राहून दात घासत असल्यासारखं दाखवतो. धार काढणं जमलं नाही, बोटं आवळत नाहीत, म्हैस पण वैतागली. धार मीच काढतो. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

टेबलावर जेवतात आता, पण चारचौघांत अजून नाही. बटणांचं थेरपिस्टनी सांगितलं तसं बसून चालू आहे, निम्मी स्वतः, निम्मी आई. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे नंदगडला. यायचं म्हणतायत.

---

शिंपीकाका_शहापूर

मग शर्ट माझ्याकडून. खोट्या बटणांचा. आखणार मी, शिवणार कारागीर. कॉलर, छाती, शोल्डर, बाही, लांबी, पाचही मापं टाक. उभं राहून घे, बसून घेतलेलं माप चुकतं. आणि पाठ थोडी वाकली असेल तर मागची लांबी वेगळी मोज, शर्ट मागून वर चढतो.

---

उंबरा_खानापूर

कॉलर १५, छाती ३८, शोल्डर १७॥, बाही २३, लांबी पुढून २८, मागून २९॥. आईनं धरली टेप, मी वाचलं. पांढरा नको म्हणतायत बाबा, आमटी दिसते.